रिकन्स्ट्रक्शनला मराठीत नक्की काय लिहायचं? पुनर्रचना, पुनर्बांधणी, पुनर्विकास… सगळ्यांनी डोकं खाल्लंय

गिरगावची_सून

नमस्कार मंडळी, भाषेचा प्रश्न आहे पण त्यावरून आमच्या चाळीत भांडण व्हायची वेळ आलीये म्हणून इथे टाकतेय.

आमची इमारत १९४० च्या आधीची, तळमजला अधिक तीन, पागडीची, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी). आर्किटेक्टने अहवाल दिला तो सगळा इंग्रजीत, आणि चाळीतले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे मराठी करून वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं कारण मी "इंग्लिश मीडियमवाली". अहवालात पानोपानी रिकन्स्ट्रक्शन, रिकन्स्ट्रक्टेड, टू बी रिकन्स्ट्रक्टेड. मी विचार केला की म्हाडाच्या त्या मंडळाचं नावच "मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ" आहे, म्हणजे सरकारी शब्द तयार आहे, आपण कशाला डोकं चालवा, सगळीकडे "पुनर्रचना" टाकलं.

रविवारी मीटिंगमध्ये वाचलं. "इमारतीची पुनर्रचना करणे आवश्यक आहे." झालं. दुसऱ्या मजल्यावरचे काका उठून उभे, "रचना बदलणार म्हणजे माझी मोरी कुठे नेणार ते आधी सांगा." पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणे बरं झालं बाई, भिंतीच इकडेतिकडे करणार ना, घर तर सोडायला नको. अर्धा तास सगळे मोऱ्या, खिडक्या आणि कॉमन गॅलरीवर बोलत होते आणि इमारत पाडायची आहे हे कोणाच्या डोक्यातच शिरलं नाही. मग एकजण म्हणाला पुनर्विकास लिही, दुसरा म्हणाला पुनर्निर्माण, आणि आमचे सासरे शांतपणे म्हणाले, "जीर्णोद्धार लिही, निदान कोणीतरी वर्गणी देईल."

तर प्रश्न असा की रिकन्स्ट्रक्टचा नेमका अर्थ काय, रिबिल्ड, रिनोव्हेट, रिडेव्हलप यांच्यापेक्षा तो वेगळा कसा, आणि मी आता काय लिहू? पुढच्या रविवारी परत वाचायचंय.

शब्दखोर

तुमचे काका बरोबर आहेत, मंडळाचं नाव चुकलंय असं माझं मत (आता मला कोणीतरी झोडपणार).

बघा, कन्स्ट्रक्टचं मूळ लॅटिन, त्यातल्या स्ट्रुएरेचा अर्थ रचणं, एकावर एक थर लावणं. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला की पुनर्रचना होतं, आणि ज्याने केलं त्याने डिक्शनरी उघडून प्रामाणिकपणे केलं असणार. पण मराठीत आपण घर रचतो का? आपण कविता रचतो, कट रचतो, लाकडं रचतो, चिता रचतो. घर बांधतो. भिंत घालतो किंवा उभी करतो. मंडप उभारतो. रचना हा शब्द आला की मराठी माणसाला मांडणी दिसते, विटा नाही.

आणि दुसरं म्हणजे पुनर्रचना हा शब्द आधीच दुसऱ्यांनी पळवलाय. राज्य पुनर्रचना, १९५६ ची. ती इंग्रजीत रीऑर्गनायझेशन आहे, तिथे एकही वीट हलली नव्हती, फक्त सीमा हलल्या. मतदारसंघ पुनर्रचना, ते तर इंग्रजीत डिलिमिटेशन, रि-बिरी काहीच नाही. खात्याची पुनर्रचना झाली म्हणजे साहेबांची केबिन बदलली. म्हणजे मराठी माणसाने हा शब्द आयुष्यभर "आहे तेच सामान, मांडणी नवी" याच अर्थाने ऐकलाय. मग काकांना मोरीची काळजी वाटली तर त्यांचं काय चुकलं?

इंग्रजीत रिकन्स्ट्रक्टला दोन अंगं आहेत. एक, पडलेलं किंवा पाडलेलं परत बांधणं. दोन, तुकड्यांवरून, पुराव्यांवरून मूळ गोष्ट कशी होती ते परत उभं करणं, म्हणजे अपघात कसा झाला ते पोलिस रिकन्स्ट्रक्ट करतात तसं. रिबिल्ड हा घरगुती शब्द आहे, भिंतही रिबिल्ड होते, टीमही होते, मोडलेला विश्वासही होतो. रिकन्स्ट्रक्ट जरा कोट घातलेला शब्द, अहवालात बसणारा, आणि त्यात "पूर्वी एक होतं, ते असं असं होतं" याची आठवण रिबिल्डपेक्षा जास्त असते. विश्वास कोणी रिकन्स्ट्रक्ट करत नाही, केला तर बायको हसेल.

रिनोव्हेट म्हणजे सांगाडा तोच, वरचं नवं. त्याला सरकारी मराठी नूतनीकरण, पण तोही शब्द लायसन्सवाल्यांनी पळवलाय, "परवान्याचे नूतनीकरण". आमच्याकडे एका दुकानावर "नूतनीकरणासाठी बंद" अशी पाटी होती आणि दोन महिने लोक समजत होते की मालकाचं लायसन्स संपलंय.

विसर्ग

विषयांतर करतो, माफी. पुनर् अधिक रचना याचा संस्कृत संधी पुनर्रचना होतच नाही. पाणिनीचं "रो रि" सूत्र लागतं, र पुढे र आला की आधीचा र जातो आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ होतो. निर् अधिक रोगचं नीरोग होतं तसं. म्हणजे शुद्ध रूप पुनारचना.

शब्दखोर

@विसर्ग पुनारचना वाचून मला वाटलं पुण्याचं टाउन प्लॅनिंग आहे. मराठीत पुनर्रचना रुळलाय, राहू द्या त्याला.

एफएसआय_पीडित

मी या सगळ्यातून गेलोय, साडेसात वर्षं, म्हणून अधिकाराने बोलतो. ताई, भाषेचा प्रश्न म्हणून सोडू नका, शब्दामागे पैसे आहेत.

सुरुवातीपासून सांगतो. ते मंडळ ज्या कायद्यातून आलं तो १९६९ चा, बेडेकर समिती वगैरे झाल्यावर, त्यात रिपेअर्स आणि रिकन्स्ट्रक्शन हे दोनच शब्द. त्या वेळी कल्पना साधी होती, चाळी पडतायत, भाडेनियंत्रणामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही, तर भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा, त्यातून दुरुस्ती करायची आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असेल तर सरकारने पाडून परत बांधायची. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे तेव्हा एवढंच. बिल्डर या चित्रात नव्हता. १९७७ ला म्हाडा झाली तेव्हा हे मंडळ तिच्यात आलं.

आता डीसीपीआर २०३४, म्हणजे मुंबईची बांधकाम-विकासाची नियमावली, काढून बघा. नियम ३३(६) चं शीर्षक वाचा, तिथे फक्त रिकन्स्ट्रक्शन आहे, आगीत गेलेल्या, कोसळलेल्या किंवा कायदेशीर आदेशाने पाडलेल्या इमारतींचं. म्हणजे होती, गेली, परत उभी करू द्या. आणि ३३(७) जे तुमच्यासारख्या उपकरप्राप्त इमारतींना लागतं, तिथे लिहिलंय रिकन्स्ट्रक्शन ऑर रिडेव्हलपमेंट. दोन्ही शब्द, मध्ये "ऑर". कारण ३३(७) मध्ये नुसतं परत बांधणं नाही, तिथे ३ एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम) किंवा जुन्या रहिवाशांना लागेल तेवढा अधिक प्रोत्साहनाचा, यातला जो जास्त तो मिळतो, त्या जास्तीच्या जागेत विक्रीचे फ्लॅट निघतात आणि त्या फ्लॅटच्या पैशातून तुमचं घर फुकट येतं. १२० फुटांच्या खोलीत राहणाऱ्याला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं ते यातून. हे रिडेव्हलपमेंट, म्हणजे पुनर्विकास, विकास जमिनीचा होतोय, इमारत त्यातला एक भाग.

म्हणून पुनर्बांधणी आणि पुनर्विकास एकमेकांच्या जागी टाकू नका. नोटिशीत नुसतं पुनर्बांधणी लिहिलं तर लोक समजतील की आहे तेवढीच खोली नवी मिळणार, आणि पुनर्विकास लिहिलं तर लगेच विचारतील बिल्डर कोण, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) किती, भाडं किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत पण तुमच्या अहवालाने नेमकं काय सांगितलंय ते आधी बघा. माझा अंदाज असा की तो स्ट्रक्चरल ऑडिटवाला कागद आहे. त्यात कुठेतरी सी-१, सी-२ की सी-३ असं लिहिलं असेल. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे डागडुजी. सी-१ असेल तर मोरी कुठे जाणार हा प्रश्नच नाही, मोरीसकट सगळं जाणार.

जाता जाता, बीडीडी चाळींचं बघा, २०७ चाळी, १९२० च्या दशकातल्या, १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर. त्याला कोणी मराठीत पुनर्रचना म्हणतं का? सगळे पुनर्विकासच म्हणतात, पेपरपासून तिथल्या पोरांपर्यंत. लोकांचा कान बरोबर असतो.

गिरगावची_सून

बापरे, हो, सी-१ आहे! दुसऱ्याच पानावर आहे आणि मी ते भाषांतरात "सी-१ प्रवर्ग" असं लिहून पुढे गेले होते. कोणालाच कळलं नाही त्याचा अर्थ काय. मलाही नाही.

माळवद

मी औसा तालुक्यातला, सध्या पुण्यात. इथे सगळे मुंबईच्या इमारतींवर बोलताय म्हणून थोडं आमच्याकडचं सांगतो, कारण आमच्याकडे या एका इंग्रजी शब्दाचे तीन मराठी शब्द झाले आणि तिन्ही वेगळ्या माणसांच्या वाट्याला आले.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी. गणपती आदल्या दिवशी बुडवलेले, माणसं दमून झोपलेली. आमच्याकडची घरं माळवदाची, दीड-दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर सागाची नाटी, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा थर, दरवर्षी पाऊस गळू नये म्हणून वरून अजून माती टाकायची, म्हणजे बापजाद्यांपासून छपराचं वजन वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात थंडगार, पण त्या रात्री तीच माती अंगावर आली. किल्लारी, सास्तूर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो कार्यक्रम आला त्याच्या इंग्रजी नावात रिहॅबिलिटेशन होतं, आणि मराठीत झालं पुनर्वसन. जी गावं सगळ्यात जास्त पडली अशी ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली, आणि जिथे कमी पडझड होती तिथे जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण. आता बघा हं, ज्यांची घरं जागेवर परत बांधली ते म्हणतात "बांधून घेतलं". ज्यांनी पट्ट्या मारून, कोपऱ्याला सळ्या घालून घेतल्या ते म्हणतात "मजबुतीकरण केलं". आणि जी गावं उठून गेली तिथली माणसं म्हणतात "आम्ही पुनर्वसनात राहतो". पुनर्वसन हे आमच्याकडे क्रियापद वगैरे नाही, ते ठिकाण आहे. "कुठं चाललास?" "पुनर्वसनात." जुनं गाव आणि पुनर्वसन. एसटीतसुद्धा तसंच बोलतात.

इंग्रजी अहवालांत हे सगळं रिकन्स्ट्रक्शन या एका शब्दात बसतं आणि तिथेच घोळ आहे. इंजिनियरच्या हिशेबाने घर परत बांधलं, काम संपलं. घरं २५० ते ७५० चौरस फूट, ज्याची जमीन जास्त त्याला मोठं, रस्ते सरळ रुंद, ओळीने सारखी घरं. पण जुन्या गावात घराला वाडा होता, गोठा होता, शेत वेशीबाहेर पडलं की होतं. नव्या ठिकाणी गोठ्याला जागा नाही, शेत लांब गेलं, म्हातारी माणसं रुंद रस्त्याच्या पलीकडे हाक मारायची तर हाक पोचेना. माझी आजी कित्येक वर्षं नव्या घराला "सरकारी घर" म्हणायची आणि पडक्या वाड्याला "घर". सिमेंटच्या छपराखाली झोपायला मात्र तयार, कारण माळवदाची भीती बसली होती कायमची, आणि उन्हाळ्यात त्याच छपराला शिव्या पण द्यायची.

म्हणून गिरगावच्या ताईंना एवढंच सांगीन की इमारतीला जो शब्द लावाल तो लावा, पण अहवालात जिथे माणसांना हलवायचं लिहिलं असेल तिथे पुनर्बांधणी हा शब्द वापरून ते झाकू नका. तिथे वेगळं वाक्य लिहा.

पोलंडमधला_पाव्हणा

वॉर्सॉला असतो, कामानिमित्त. इथे या शब्दावर लोक माणूस बघून बोलतात.

दुसऱ्या महायुद्धात, खास करून १९४४ च्या उठावानंतर, जर्मनांनी हे शहर पद्धतशीर उडवलं, जुना भाग जवळपास सपाट. आज जाऊन बघाल तर वाटतं सतराव्या-अठराव्या शतकातली घरं आहेत, पण सगळी १९४५ नंतर बांधलेली. कशावरून बांधली? युद्धाआधी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी काढून ठेवलेली मोजमापं आणि बेलोत्तो नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रं. १९८० ला युनेस्कोच्या यादीत आलं, आणि ते जुनं म्हणून नाही, तर परत उभं करण्याचं काम इतकं मोठं आणि नीट झालं म्हणून. गाइडला चुकून रिस्टोर्ड म्हटलं तर तो दुरुस्त करतो, रिकन्स्ट्रक्टेड म्हणा, कारण रिस्टोर करायला काहीतरी उरलेलं लागतं, इथे उरलंच नव्हतं.

आपल्याकडे त्याला काय म्हणाल? पुनर्निर्मिती म्हणावं असं मला वाटतं. पुनर्विकास म्हटलं तर इथले लोक मारतील.

आणि हो, कोल्हापूरकर असाल तर वळिवड्याची आठवण येईलच, तिथल्या कॅम्पात युद्धाच्या काळात पाचेक हजार पोलिश लोक राहत होते. वॉर्सॉत त्या कोल्हापूरचं स्मारकसुद्धा आहे. बघून उगीच छाती फुगते, मी तर सांगलीचा आहे तरी.

शब्दखोर

वा. आणि म्हणूनच मला पुनर्निर्माण हा शब्द खटकतो. निर्माण हे नाम म्हणून हिंदीत चालतं, "भवन निर्माण". मराठीत आपण निर्माण करतो किंवा निर्मिती करतो. पुनर्निर्माण दिसलं की समजावं की मजकूर दिल्लीहून आलाय आणि इथे फक्त टोपी बदललीये.

जीर्णोद्धारबद्दल कोणी बोललंच नाही. सासऱ्यांनी गंमत केली पण शब्द फार चांगला आहे. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० च्या सुमारास बांधलं, ते अक्षरशः नव्याने बांधलेलं, पण आपण म्हणतो जीर्णोद्धार केला. कारण मराठी माणसाच्या लेखी देव तोच, स्थान तेच, म्हणून देऊळही तेच, दगड नवे असले तरी. बरं, जीर्णोद्धारात चार फरश्या बदलल्या तरी पावतीपुस्तकावर तोच शब्द. घराला मात्र नाही लागत तो. घराचा उद्धार म्हटलं की भलताच अर्थ होतो.

फाटका_गुडघा

मीही या शब्दाने पोळलोय, थेट शरीरावर. कबड्डी खेळताना गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला. डॉक्टर म्हणाले रिकन्स्ट्रक्शन करावं लागेल. मी घरी सांगितलं "लिगामेंट शिवणार आहेत". मेडिक्लेमच्या फॉर्मवर वडिलांनी भरलं रिपेअर. आणि डिस्चार्जच्या कागदावर रिकन्स्ट्रक्शन. झालं, क्लेमवाल्यांचा फोनावर फोन, की रिपेअर आणि रिकन्स्ट्रक्शन वेगवेगळे प्रकार आहेत, नक्की काय केलंत?

मग डॉक्टरांनी समजावलं. रिपेअर म्हणजे तुटलेली दोन टोकं टाके घालून जोडणं. एसीएल बहुतेक वेळा तसा जुळून येत नाही, म्हणून तुटलेला काढतात, मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन घेतात, हाडात बोगदा पाडतात आणि तिथे नवीन दोरी बसवतात. म्हणजे शिवलेलं काहीच नाही, जुनं गेलं, त्याच जागी त्याच कामाचं दुसरं उभं केलं, आणि सामान आपल्याच घरातलं. मराठीत काय म्हणतात विचारलं तर डॉक्टर हसून म्हणाले मराठीत "लिगामेंटचं ऑपरेशन" म्हणतात. नऊ महिने झाले, अजून मैदानात उतरू देत नाहीत.

एफएसआयवाल्या दादांचं ऐकून वाटलं की माझा गुडघा पण सी-१ होता.

एफएसआय_पीडित

@फाटका_गुडघा तुम्हाला निदान एफएसआय वाढवून नाही मिळाला हे नशीब समजा.

पोथीवाला

शब्दखोर यांनी वर दुसरं अंग सांगितलं, पुराव्यावरून परत उभं करण्याचं, त्यात थोडी भर घालतो कारण त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण, म्हणजे जवळपास सत्तेचाळीस वर्षं, सुकथनकरांसारख्यांनी आयुष्यं घातली त्यात. काय केलं? देशभरातून काश्मिरी शारदा, बंगाली, मल्याळम, तेलुगू अशा लिपींतल्या शेकडो पोथ्या गोळा केल्या, ओळ ओळ ताडून बघितली, कुठल्या पोथीत काय जास्तीचं घुसलंय ते वेगळं काढून तळटीपांत टाकलं आणि सगळ्या पोथ्यांच्या मागे जो जुन्यात जुना पाठ दिसतो तो उभा केला. इंग्रजीत याला रिकन्स्ट्रक्टेड टेक्स्ट म्हणतात. मजा म्हणजे तो पाठ जसाच्या तसा कुठल्याही एका पोथीत सापडत नाही.

याला पुनर्बांधणी म्हटलं तर महाभारताला प्लास्टर मारल्यासारखं वाटतं. मराठीत पाठनिश्चिती म्हणतात, मला तोच शब्द आवडतो. तसंच पोलिसांचं, पेपरात कधी "घटनेची पुनर्निर्मिती" येतं पण चॅनेलवाले आणि स्वतः पोलिस सरळ "सीन रिक्रिएट केला" म्हणतात.

आणि परीक्षा देणाऱ्यांसाठी, अमेरिकेच्या इतिहासात मोठ्या आरचं रिकन्स्ट्रक्शन येतं, यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७७ चा काळ, गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतली राज्यं परत संघात आणणं आणि काळ्या लोकांना नागरिकत्व, मतदान देणं. तिथे आपली पुस्तकं पुनर्रचना लिहितात आणि तिथे तो शब्द चपखल बसतो, कारण मांडणीच बदलायची होती. ती मांडणी पुढे उधळली गेली तो वेगळा विषय.

बँकेतला

आमच्याकडचंही टाका यादीत. असेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी, २००२ च्या सरफेसी कायद्यातली (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा). मराठीत "मालमत्ता पुनर्रचना कंपनी". एक ग्राहक आला होता, त्याला वाटलं की ही कंपनी त्याचा जळालेला गाळा बांधून देणार. प्रत्यक्षात ती त्याचं बुडीत कर्ज विकत घेऊन वसुलीला आली होती. कर्जाचे हप्ते बदलून देतात त्याला शेतकरी "पुनर्गठन" म्हणतात, ते इंग्रजीत रिस्ट्रक्चर, त्यात आणि यात गल्लत करू नका. एकात मुदत मिळते, दुसऱ्यात दारावर माणसं.

गिरगावची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं वाचून माझा गोंधळ आधी वाढला आणि मग कमी झाला. काल मीटिंग झाली, सांगते.

मी अहवाल परत बसून लिहिला. रिकन्स्ट्रक्शन जिथे जिथे होतं तिथे प्रत्येक ठिकाणी काय म्हणायचंय ते वेगळं बघितलं आणि खरंच तीन वेगळे अर्थ निघाले. दोन ठिकाणी जिन्याचा मोडलेला भाग परत बांधायचा होता, ते तात्पुरतं, लोक असेपर्यंत पडू नये म्हणून. बहुतेक ठिकाणी सगळी इमारत. आणि एका ठिकाणी, शेवटच्या पानावर, ३३(७) खालची योजना. मी अनुक्रमे "जिना दुरुस्त करणे", "पुनर्बांधणी" आणि "पुनर्विकास" लिहिलं आणि माळवद यांचं ऐकून घर रिकामं करण्याचं वाक्य वेगळं काढून ठळक केलं.

वाचायला सुरुवात केली, पुनर्बांधणीपर्यंत आले, तर मोरीवाले काका परत उभे. म्हणाले, "पुनर्बांधणी म्हणजे पाडणार ना?" मी म्हटलं हो काका. "मग तसं लिही की." तर आता फळ्यावर लावलेल्या कागदावर असं आहे: ही इमारत राहण्यासारखी उरलेली नाही, ती पाडून याच जागी नवी बांधायची आहे, तोपर्यंत सगळ्यांना दुसरीकडे राहावं लागेल. एकही पुनर् नाही. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आजींनी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे.

तर आता नवा प्रश्न. अहवालात ट्रान्झिट अकोमोडेशन आहे, म्हाडाचा शब्द संक्रमण शिबिर. तो मी वाचला तर तळमजल्याच्या काकू म्हणाल्या कसलं संक्रमण, कुठली साथ आलीये, आम्ही नाही जायचो तिथे. याला काय लिहू?

विसर्ग

संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. मकरसंक्रमण आठवा. शब्द अगदी बरोबर आहे.

एफएसआय_पीडित

@विसर्ग शब्द बरोबर आहे पण काकूही बरोबर आहेत, आमच्या शेजारचे गेले ते वीस वर्षं तिथेच आहेत. ताई, "तात्पुरती जागा" लिहा, आणि किती महिन्यांसाठी ते आकड्यात लिहून घ्या, सहीनिशी.